नत्थू भोयर आणि नत्थूजी भोयर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको. आई म्हणायची, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेलाच असतो. तीस वर्षं ऑफिसात काढून माझी बोली पुस्तकी झाली, पण नत्थूजी भोयरांची गोष्ट निघाली की 'काहून' अन् 'बाप्पा' आपोआप तोंडात येतात. येऊ द्या. ही गोष्ट शांतपणे सांगायची माझी इच्छाच नाही.

नत्थूजी म्हणजे नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत एका लोखंडी कपाटांच्या कारखान्यातले टेम्पररी कामगार. वय शेहेचाळीस. शेजारच्या वाडी गावात ट्रकांच्या गोदामांमागे एक खोली भाड्याने घेऊन राहायचे, बायको गोपिकाबाई अन् दोन मुली. रोज सायकल मारत हिंगण्याला यायचे. कपाटाच्या दारांचे पत्रे दाबायच्या प्रेसवर त्यांचं काम. सात वर्षं त्याच प्रेसवर होते अन् सात वर्षं टेम्पररी होते. आता कुणी विचारेल, सात वर्षं टेम्पररी काहून? तर आमच्या कारखान्यात युनियनशी करार झालेला होता की वर्षात दोनशे चाळीस दिवस हजेरी भरली तर माणसाला परमनंट करायचं. कंपनी काही कमी नव्हती. कुणाची हजेरी सव्वादोनशेच्या आसपास गेली की 'ब्रेक' म्हणून त्याला घरी बसवायची अन् जानेवारीत पुन्हा नवा पास द्यायची. नत्थूजी सहा वेळा असे घरी बसले, सहा वेळा परत आले, अन् प्रेसला हात लावून नमस्कार करून कामाला लागले.

मला त्यांच्या ह्याच गोष्टीची चीड यायची. हा माणूस कुणालाच काही म्हणत नसे. जे काही बोलायचं ते जी लावून. हो जी, नाही जी, आलो जी, चुकलं जी. आमच्याकडे जी सगळेच म्हणतात, त्यात नवल नाही. मोठ्या माणसाच्या नावाला जी लावायचा अन् मोठ्या माणसाशी बोलताना वाक्याच्या शेवटी जी म्हणायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण नत्थूजी गेटवरच्या वॉचमनलाही जी म्हणायचे, कॅन्टीन झाडणाऱ्या जिजाबाईलाही जी म्हणायचे. पहिल्यांदा आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आले तेव्हा चपला बाहेर काढून, हात जोडून, त्या मशीनला राम राम जी म्हणाले होते. मी हसले तर म्हणाले, येवढी थंडी लावून ठेवली ह्याच्यासाठी, मोठाच असंल कोणी.

मी त्या कारखान्यात लागले १९८८ च्या जानेवारीत. नाव पुष्पलता, वय बावीस, तरी सगळे बाईच म्हणायचे. आमचं घर हुडकेश्वरला. तेव्हा तिकडे सगळी शेतंच होती, आमचंही होतं. तिथून सायकलने बर्डीला, म्हणजे नागपूरच्या मध्यावर, अन् बर्डीहून कंपनीच्या बसने हिंगण्याला. बर्डीच्या एका क्लासात सहा महिने कॉम्प्युटर शिकले होते, तेवढ्यावर टाइम ऑफिसात ऑपरेटर म्हणून घेतलं, एक वर्षाच्या प्रोबेशनवर. टाइम ऑफिस म्हणजे हजेरीचं ऑफिस. तिथले टाइमकीपर वामनराव, वीस वर्षं हजेरीचं मस्टर लिहिलेला माणूस. मी त्यांना काकाजी म्हणायची. कॉम्प्युटर आला अन् एक जानेवारीपासून हाताचं मस्टर बंद झालं, तरी काकाजींच्या खिशात पेन्सिल असायचीच. अन् तिचं कामही होतं. ते काम काय, हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरून झालं.

टेम्पररी कामगारांना दर तीन महिन्यांनी नवा पास मिळायचा अन् पासासोबत टोकनचा नंबर बदलायचा. जुना प्रोग्राम फक्त टोकनचा नंबर ओळखायचा. मार्चमधला चारशे बारा अन् एप्रिलमधला पाचशे सात हा एकच माणूस आहे, हे त्याला कळत नसे. म्हणून प्रत्येक तिमाहीची वेगळी यादी छापायची अन् वर्षाअखेर काकाजींनी चारही याद्या समोर पसरून पेन्सिलने बेरीज करायची, अशी पद्धत ठरली होती. काकाजींना प्रत्येकाचा चेहरा पाठ होता, कोण कुठल्या सायकलने येतो तेही पाठ होतं. त्यांच्या बेरजेत चूक निघणं शक्य नव्हतं.

त्या वर्षी कंपनीला शाळांच्या कपाटांची मोठी सरकारी ऑर्डर मिळाली. प्रेस दोन पाळ्यांत चालायला लागली अन् कुणाला ब्रेक द्यायची सोय राहिली नाही. नत्थूजी पहिल्यांदाच दिवाळीनंतरही कामावर दिसले. पण दिवाळी झाली न झाली तोच पर्सनल खात्याच्या साहेबांनी नोटीस लावली. जानेवारीपासून पंचेचाळीसच्या वरच्या कुणालाही टेम्पररीचा नवा पास मिळणार नाही. म्हणजे नत्थूजींपुढे दोनच गोष्टी होत्या. डिसेंबरच्या यादीत नाव आलं तर परमनंट, नाही आलं तर कायमचे घरी. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला हिंगण्यात दुसरं कुणी गेटवर उभं करत नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं अन् आम्हालाही.

अन् नेमकं तेव्हाच हेड ऑफिसला नवीन व्हर्जन सुचलं. हेड ऑफिस मुंबईला. तिथून हुकूम आला की सगळ्या कारखान्यांत हजेरीच्या प्रोग्रामचं नवं व्हर्जन टाकायचं अन् वर्षाची यादी त्यातूनच काढायची. अरे बाप्पा, अकरा महिने काय झोपले होते का? एक इंजिनिअर आला, काखेत फ्लॉप्यांचा डबा. विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस, बर्डीवर मोर्चे, ह्याची टॅक्सी दोन तास अडकली, तर तो राग त्याने आल्या आल्या आमच्यावर काढला. दीड दिवस मशीनपुढे बसला, अकरा कप चहा प्यायला, अन् जाताना सांगितलं की आता पेन्सिलीची गरज नाही. नवं व्हर्जन टेम्पररी माणसाला नावावरून ओळखतं अन् चारही तिमाह्यांची बेरीज आपोआप करतं. काकाजींनी विचारलं की एकदा जुन्यातून अन् नव्यातून दोन्ही याद्या काढून ताडून पाहायच्या का. तो म्हणाला, जुनं मी काढून टाकलं. काकाजींनी पेन्सिल खिशात ठेवली. मी भांडले, पण माझं कोण ऐकतो. प्रोबेशनवरची पोरगी.

वीस डिसेंबरला यादी छापली. प्रिंटर थांबला, मी नावं मोजली. एकतीस. त्यात नत्थूजी नव्हते. पुन्हा वाचली, तरी नव्हते. रुपरावजी नव्हते, चंपतरावजी नव्हते. काकाजींनी चष्मा लावून यादी खालवर पाहिली अन् सांगितलं की चाळीस माणसं पाहिजेत, नऊ गायब आहेत.

मी म्हटलं, थांबवू. पण साहेबांनी यादी हातातून घेऊन नोटीस बोर्डावर लावली. दुपारी नत्थूजी दाराशी येऊन उभे राहिले. घरी कॅलेंडर आहे, म्हणाले. कामावर जाईन त्या दिवसाला गोपिका कुंकवाचं बोट लावते. काल तिने मोजले तर दोनशे सत्तेचाळीस भरले. मग म्हणाले, तिचंच चुकलं असंल जी. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, त्यांचं काहून चुकंल, हे खोकं चुकून राहिलं. त्यांनी मशीनकडे एकदा पाहिलं, अन् हळूच मला म्हणाले की बाई, त्याच्यासमोर नका बोलू असं.

दुसऱ्या दिवशी कारखाना पेटला. गायब नऊ माणसांची वयं कुणीतरी काढली, तर नऊच्या नऊ पंचेचाळीसच्या पुढची. युनियनचे भैय्याजी गेटवर टेबल मांडून उभे राहिले अन् सांगू लागले की साहेबांनी मुंबईच्या माणसाला हाताशी धरून म्हातारे गाळले. मलाही तसंच वाटलं. खरं सांगते, शंभर टक्के तसंच वाटलं. पर्सनलचे साहेब पुण्याकडून आलेले, नागपूरला 'तुमचं हे गाव' म्हणायचे, संत्री मात्र पेटीने घरी न्यायचे. मी त्यांच्याकडे गेले अन् यादी चूक आहे म्हटलं. ते म्हणाले की कॉम्प्युटर कुणाचा मावसभाऊ नाही, तो खोटं कशाला बोलेल. हातात पुरावा असेल तर घेऊन या. कुंकवाच्या बोटांचं मी सांगितलं तर ते हसले. ते हसणं मला आजही आठवतं अन् आजही हात शिवशिवतात.

मग मी पुरावा शोधायला बसले. प्रोग्रामच लबाड आहे हे मला दाखवून द्यायचं होतं, दुसरं काही नाही. मशीन बंद करून चालू केलं. यादी पुन्हा काढली, पुन्हा एकतीस. फ्लॉपी खराब असेल म्हणून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. इंडेक्स, म्हणजे मशीनची नावांची सूची, पुसून नव्याने बनवला, त्यात एक दिवस गेला, पुन्हा एकतीस. मुंबईला ट्रंक कॉल लावला. तीन तासांनी लागला, तर इंजिनिअर म्हणतो, चाळीस कारखान्यांत व्हर्जन टाकलं, कुठे तक्रार नाही, तुमचा डेटाच खराब असेल. मी म्हटलं, डेटा काय नासलेलं दूध आहे का खराब व्हायला? त्याने फोन ठेवला.

चार दिवस असे गेले. नत्थूजी रोज जेवणाच्या सुट्टीत दाराशी यायचे, काही विचारायचे नाहीत, माझं तोंड पाहून परत जायचे. पाचव्या दिवशी ते असेच परत गेले अन् मी रागाने काकाजींना म्हटलं की त्या मेल्या प्रोग्रामने म्हातारे बरोबर कसे हुडकले असतील. काकाजी म्हणाले, प्रोग्राममध्ये वय टाकायची जागा कुठे आहे? मी पाहिलं. खरंच नव्हती. टोकन, नाव, आडनाव, खातं, हजेरी. वय कुठेच नव्हतं. मग ह्या मशीनला कोण म्हातारा अन् कोण जवान, हे सांगितलं कुणी?

मी यादी सोडली अन् सगळ्या टेम्पररींची यादीच्या तारखेपर्यंतची चारही तिमाह्यांची नावं अन् दिवस सरळ छापून काढले, अक्षरांच्या क्रमाने. कागद जमिनीवर लोळत गेला. काकाजी एका टोकाला बसले, मी दुसऱ्या. नत्थूजींच्या नावापाशी आलो अन् काकाजींची पेन्सिल थांबली. एका ओळीत होतं, नत्थू भोयर, एकाहत्तर दिवस. त्याच्याच खालच्या ओळीत, नत्थूजी भोयर, एकशे शहात्तर दिवस. काकाजींनी बाजूला बेरीज लिहिली. दोनशे सत्तेचाळीस. गोपिकाबाईचं एक बोट इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

नावं टाइप कुणी केली? मी. जानेवारीत मी नवी होते, काकाजींच्या जुन्या रजिस्टरात होती तशी नावं पाहून टाइप केली. नत्थू, रुपराव, चंपतराव, मला कोण कुठला माहीत होता. एप्रिलमध्ये नवे पास निघाले तेव्हा हीच माणसं माझ्या टेबलापुढे उभी राहिली. पांढऱ्या मिशा, हातात टोपी. मी नाव विचारलं, त्यांनी नत्थू सांगितलं, अन् माझ्या बोटांनी पुढे जे अन् आय मारलं. मला कळलंसुद्धा नाही. बापाच्या वयाच्या माणसाचं नाव कोरडं घेतलं असतं तर घरी मला कुणी जेवायला वाढलं नसतं. जवान पोरांना मी जी लावला नाही, म्हणून ती पोरं शाबूत राहिली. ज्यांना ज्यांना मी मान दिला, त्या नऊ जणांचे अठरा झाले, अन् अठरांतल्या एकाचेही दोनशे चाळीस भरले नाहीत.

मला स्वतःचा असा राग कधी आला नव्हता. चार दिवस मी साहेबांना शिव्या घातल्या, इंजिनिअरला घातल्या, अन् म्हातारे गाळणारी मीच निघाले. काकाजींनी समजावलं की पोरी, तू काही वाईट केलं नाही. पण मला समजूत नको होती. अन् त्या इंजिनिअरचाही राग गेला नव्हता, तो जाऊ नये असंच मला वाटत होतं. नावावरून माणूस ओळखायचा तर निदान एकदा विचारायचं तरी, बाप्पा, की हे दोघं शेजारीशेजारी दिसून राहिले, हे एकच आहेत का.

पुन्हा ट्रंक कॉल लावला. इंजिनिअरला केवढा आनंद झाला. बघा, मी म्हटलंच होतं डेटा खराब आहे. मग म्हणाला, सोपं आहे, एक कमांड देतो, सगळ्या नावांतून जे अन् आय काढून टाका. माझा एव्हाना कुणावरच विश्वास राहिला नव्हता, म्हणून मी आधी फ्लॉपीची कॉपी केली अन् कमांड त्या कॉपीवर चालवली. नत्थूजीचा नत्थू झाला, ठीक. पण जिजाबाईची जाबाई झाली. राजीव नावाचा फिटर होता, त्याचा राव झाला. पेंटिंग खात्यातले नानाजी, ज्यांचं नाव त्यांच्या बापानेच नानाजी ठेवलेलं, ते नाना झाले. भैय्याजींनी स्वतःचं नाव भैय्या झालेलं पाहिलं असतं तर त्यांनी तेवढ्यासाठीच संप केला असता. कुणाचा जी जन्माचा अन् कुणाचा माझ्या हातचा, हे मशीनला कळायचा काही रस्ता नव्हता. एकेका माणसाला विचारूनच ते ठरणार होतं.

एकोणतीस तारखेला मी सगळं लिहून साहेबांपुढे ठेवलं. चूक माझी आहे, हेही लिहिलं. काकाजींनी खाली सही केली की ही माणसं एकच आहेत, मी ओळखतो. साहेबांनी दोनदा वाचलं. त्यांना माझी चूक आवडली, चेहऱ्यावर दिसत होतं. ते म्हणाले की दोन नावं, दोन पास, म्हणजे रेकॉर्डवर माणसं दोन. वामनरावांची ओळख रेकॉर्ड होत नाही. तरी मी अन्याय करणार नाही. उद्या एकेकाला बोलावून नाव विचारतो, तो स्वतःच्या तोंडाने जे सांगेल ते लिहीन; जी नसलेलं नाव सांगितलं तर जी तुमच्या हातचा धरून दोन्ही ओळी एक करीन, जीसकट सांगितलं तर त्याच ओळीचे दिवस धरीन. अन् मला बजावलं की ह्या चुकीबद्दल तुमच्या प्रोबेशनचं काय करायचं ते नंतर पाहू. मी म्हटलं, पाहा.

मला वाटलं, झालं. नावच तर सांगायचं आहे. नत्थूजींना मी सांगितलं की साहेब नाव विचारतील, पासावर काय आहे ते विसरा, आईबापाने ठेवलेलं सांगा. ते म्हणाले, हो जी. हे ऐकूनसुद्धा माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

तीस तारखेला सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये साहेब, मी, काकाजी, अन् खुर्चीवर न बसता दाराजवळ उभे राहिलेले नत्थूजी. धुतलेला सदरा घालून आले होते. साहेबांनी पेन उघडलं.

"नाव काय तुझं? नत्थू की नत्थूजी?"

"नत्थू जी."

साहेबांनी मान हलवली अन् लिहिलं, नत्थूजी. मला क्षणभर समजलंच नाही काय झालं. मग साहेबांनी विचारलं की म्हणजे नत्थू भोयर हा दुसरा कुणीतरी आहे तर. नत्थूजी घाबरले. म्हणाले, "नाही जी. मीच जी." साहेब आमच्याकडे वळले अन् म्हणाले की बघा, मी काहीच केलं नाही, ह्याने नाव स्वतःच्याच तोंडाने सांगितलं. नत्थूजी, एकशे शहात्तर दिवस. अन् दुसऱ्या ओळीवर रेघ मारायला त्यांनी पट्टी घेतली.

मी ती पट्टी हातातून ओढून घेतली. होय, साहेबांच्या हातातून. काकाजी मागून पुष्पलता, पुष्पलता म्हणत होते.

"साहेब, तो जी त्यांच्या नावाचा नाही," मी म्हटलं. "तो तुमचा आहे. ते तुम्हाला जी म्हणून राहिले."

साहेबांना कळलं होतं. पहिल्यांदाच कळलं होतं की नंतर, ते मला माहीत नाही, पण आता नक्की कळलं होतं. वर्षभर सगळा कारखाना त्यांना जी म्हणत होता, तो काय त्यांनी ऐकला नव्हता? पण त्यांनी खुर्चीला पाठ टेकली अन् म्हणाले की अर्थ सांगायचं काम तुमचं नाही. तो जे बोलेल ते मी लिहिणार, असं ठरलं आहे. पुन्हा एकदाच विचारतो, शेवटचं.

मी नत्थूजींपाशी गेले. म्हटलं, नत्थूजी, आता नुसतं नाव घ्या. मागे जी लावू नका. साहेबाले जी म्हणू नका. ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "साहेबाले जी कसा नाही म्हणू, बाई?" मी त्यांच्यावर ओरडले. बापाच्या वयाच्या त्या माणसावर मी ओरडले की एक वेळ नका म्हणू, पोरींसाठी नका म्हणू, नाही तर परवापासून घरी बसा. त्याची मला आजही लाज वाटते.

साहेबांनी विचारलं, "नाव?"

नत्थूजींचे ओठ हलले. "नत्थू," ते म्हणाले, अन् पुढचं अक्षर बाहेर पडू नये म्हणून खालचा ओठ दातांत धरला. कपाळावर घाम आला, डिसेंबरात. साहेब पेन धरून थांबले, मुद्दामच थांबले, माणूस घसरतो का ते पाहत. नत्थूजी घसरले नाहीत.

"पूर्ण नाव?"

"नत्थू डोमा भोयर."

त्यांच्या वडिलांचं नाव डोमाजी. गावात त्या म्हाताऱ्याला नुसतं डोमा कुणी म्हटलेलं नसेल. पण नत्थूजींना आता कुठला जी चालतो अन् कुठला नाही, ह्याचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून त्यांनी बापाचाही काढून टाकला. साहेबांनी तसंच लिहिलं. मी पट्टी टेबलावर ठेवली अन् बाहेर येऊन बाकीच्या आठ जणांना दारातच पढवलं. रुपरावजी, चंपतरावजी, एकेक जण आत गेला, कोरडं नाव घेतलं अन् मान खाली घालून बाहेर आला. दुपारी मी अठराचे पुन्हा नऊ केले. एकतीस तारखेला चाळीस नावांची यादी मुंबईला गेली. तिच्यावर सही करताना साहेब मला म्हणाले की तुमच्या लोकांना बोलायला शिकवलंत, छान झालं. मी यादी उचलून बाहेर आले, तिथे थांबले असते तर ती फाटली असती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरं आली. मला एक मेमो मिळाला, रेकॉर्डमध्ये हलगर्जीपणा अन् वरिष्ठांशी उद्धट वर्तन, प्रोबेशन सहा महिने वाढवलं. पट्टीचा उल्लेख त्यात होता. त्याच टपालात परमनंटची चाळीस पत्रं होती. ती वाटायचं काम टाइम ऑफिसचं, म्हणून काकाजींनी ती माझ्याकडे दिली.

नत्थूजी आले, चपला बाहेर काढल्या, आत आले. पत्र इंग्रजीत होतं, मी वाचून सांगितलं. एक जानेवारीपासून तुम्ही परमनंट, आता कुणी ब्रेक देणार नाही, निवृत्तीपर्यंत ही प्रेस तुमची. मला वाटलं, रडतील, नाही तर हात जोडतील. त्यांनी पत्र घेतलं, सुलटं धरलं, आपलं नाव कुठे आहे विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांनी त्या नावावरून आपलं बोट फिरवलं. मग पत्राची घडी केली, खिशात ठेवली अन् माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांत ह्या माणसाच्या डोळ्यात राग कुणी पाहिला नसेल, मी त्या दिवशी पाहिला.

"सात वर्सं साहेबाले जी जी केलं, बाई," ते म्हणाले. "एक डाव नाही म्हटलं, तं परमनंट झालो."